एकाच चाकाचा लायनर का संपतो: इंदुरातल्या एका जुन्या मारुती ८०० चे प्रकरण

गाडी मारुती ८००, २००३ सालची, ओडोमीटरवर ८६,४०० किमी. मालक लोकमान्यनगरात राहणारे निवृत्त शिक्षक. रोजची धाव थोडी: राजवाडा, छावणी, कधी विजयनगरला मुलीकडे. वर्षातून दोन-तीनदा सिमरोलवरून भेरूघाट उतरून ओंकारेश्वर. तक्रार अशी की मागच्या डाव्या चाकाचे ब्रेक शू (फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्या; त्यांच्यावरचा घासणारा थर म्हणजे लायनर) दोन वर्षांत दोनदा बदलले, तरी त्या चाकातून पुन्हा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो. शिवाय पॅडल पूर्वीपेक्षा खाली जाते, आणि घाट उतरून आल्यावर डावीकडून जळका वास येतो.

या तक्रारीत एक विसंगती आहे आणि तिच्यावर बोट ठेवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. मागचे लायनर शहरातल्या वापरात संथपणे झिजायला हवेत. ११,००० किमीत एका बाजूचा संपतो आणि दुसरीकडचा जवळपास नवा राहतो, तेव्हा तो ‘जास्त ब्रेक मारल्याने’ संपलेला नसतो. पॅडल दोन्ही चाकांना सारखेच दाबते. डावीकडे, पाय पॅडलवर नसतानाही काहीतरी चालू आहे.

त्यामुळे ड्रम उघडण्याआधी गाडी चालवून बघितली. आठ किलोमीटर, शक्यतो ब्रेक न लावता, गिअरवर वेग कमी करत. थांबल्यावर लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने ड्रमचे तापमान घेतले: उजवा ५४ अंश, डावा ११८ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर रिमजवळ हात नेऊनही फरक कळतो, पण ड्रमला हात लावू नये. चटका बसतो.

मग गाडी सपाट जागी घेऊन पुढच्या चाकांना ठोकळे लावले, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक पूर्ण खाली केला आणि मागचा भाग स्टँडवर घेतला. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्याने गिअरमुळे पुढची चाके धरली जातात आणि मागची मोकळी फिरवता येतात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, हे पुन्हा सांगतो, कारण आपल्याकडे रस्त्याकडेला सर्रास तसेच चालते. उजवे चाक हाताने ढकलले की तीनेक फेरे फिरले. डावे अर्धा फेराही न करता थांबले.

चाक अडकण्याची कारणे दोन प्रकारची. एक तर तेलाचा दाब सुटत नाही: आतून फुगलेला रबरी होज किंवा मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पॅडलजवळच्या मुख्य सिलिंडरचे, परतीचे भोक बंद. नाही तर यांत्रिक अडथळा: गंजून अडकलेला व्हील सिलिंडर (चाकात शू ढकलणारा छोटा सिलिंडर), हँडब्रेकची केबल, आतला लिव्हर, स्प्रिंगा, शू जिथे टेकतात त्या जागा. यातले नेमके काय, हे एका मिनिटात कळते. डाव्या व्हील सिलिंडरच्या ब्लीडिंग निपलला (ब्रेक ऑइल बाहेर सोडण्याच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून निपल पाव फेरा सैल केला. तेलाचा दाब अडकलेला असता तर पिचकारी येऊन चाक लगेच मोकळे झाले असते. इथे दोन थेंब आले आणि चाक तसेच जड राहिले. म्हणजे दोष अडकलेल्या तेलाच्या दाबाचा नाही. मास्टर सिलिंडरचा दोष असता तर तो एकाच चाकापुरता सहसा राहिलाही नसता. या एका निपलच्या परीक्षेने मास्टर सिलिंडर बदलण्याचा विनाकारण खर्च वाचतो, आणि तो खर्च या गाडीला आधी सुचवला गेलेला होता.

आता हँडब्रेक. गाडीत एकाने लिव्हर ओढायचा-सोडायचा आणि दुसऱ्याने खाली टॉर्च घेऊन बॅकिंग प्लेटजवळ (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या थाळीजवळ) केबलची आतली तार पाहायची. उजवी तार सुमारे १४ मिमी आत-बाहेर होत होती. डावी ओढताना जवळजवळ तेवढीच जायची, पण सोडल्यावर फक्त ५ मिमी परत यायची. बाकीचे ९ मिमी तिथेच अडकून. मध्यभागी जिथे दोन केबल एकत्र येतात ती इक्वलायझरची पट्टीही तिरकी उभी होती.

मालकांना एकच प्रश्न विचारायचा राहिला होता.

“काका, गाडी उभी करताना हँडब्रेक किती ओढता?”

“चांगला दोन्ही हातांनी ओढतो बाळा. आमच्या गल्लीला उतार आहे ना. पावसाळ्यात पुण्याला मुलाकडे जातो तेव्हाही ओढूनच जातो. महिनाभर उभी असते.”

बरेचसे उत्तर त्यात आले.

ड्रम काढणे या गाडीत थोडे वेगळे आहे. ड्रम आणि हब एकच असून चाकाचे बेअरिंग ड्रमच्या आत बसतात, म्हणून मधली ग्रीसची टोपी काढून स्पिंडल नटचे लॉक उघडून नट काढावा लागतो. उजवा ड्रम सहज आला. डावा येईना, कारण झिजेमुळे ड्रमच्या आतल्या काठाशी कड तयार झाली होती आणि शू तिच्या मागे अडकले होते. अशा वेळी हातोडा मारला जातो आणि बिडाच्या ड्रमची कड उडते. करायचे असे: हँडब्रेकचा अॅडजस्टिंग नट पूर्ण सैल करायचा, बॅकिंग प्लेटमागचे रबरी बूच काढून स्क्रूड्रायव्हरने आतला हँडब्रेक लिव्हर त्याच्या टेकणीवरून सरकवायचा, म्हणजे शू आणखी आत जातात. इथे नट पूर्ण सैल करूनही शू आत गेले नाहीत. डावी तार पकडीने धरून मागे ढकलली तेव्हा ‘खट’ करून लिव्हर परतला आणि ड्रम हातात आला. दोष कुठे आहे याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती भुकटी फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. पाण्याची फवारणी करून किंवा ब्रेक क्लीनर मारून ओल्या चिंधीने पुसून घ्यायची आणि चिंधी पिशवीत बांधून टाकायची. इंदूरच्या काळ्या मातीचा बारीक थरही याच धुळीत मिसळलेला असतो. पावसाळ्यानंतर तो वाळून सिमेंटसारखा घट्ट होतो, म्हणून घाई करू नये.

मोजमाप व्हर्निअरने घेतले, फक्त लायनरची जाडी, पत्रा सोडून. नवा असताना ४.२ मिमी. उजवीकडे पुढचा शू ३.८, मागचा ३.९. डावीकडे पुढचा सर्वांत पातळ जागी ०.६, मागचा १.८. पुढच्या शूच्या एका काठाला पत्रा ड्रमला लागून चकाकत होता. आवाज त्याचाच.

या आकड्यांमधून बरेच वाचता येते. पुढच्या, म्हणजे लीडिंग शूला फिरणारा ड्रम स्वतःच आत ओढतो, त्यामुळे तो मागच्यापेक्षा थोडा जास्त झिजणे स्वाभाविक आहे. व्हील सिलिंडरचा एकच पिस्टन अडकला असता, तर त्या चाकाचा एकच शू संपला असता आणि दुसरा बऱ्यापैकी राहिला असता. इथे दोन्ही झिजले, लीडिंग जास्त. हँडब्रेकचा लिव्हर मधल्या स्ट्रटमधून (दोन शूंमधल्या आडव्या पट्टीतून) दोन्ही शूंना एकदम बाहेर ढकलतो, त्याची खूण हीच. शिवाय लायनर कोरडे होते. ओले असते तर वेगळाच तपास करावा लागला असता: पातळ आणि वास येणारे असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे सिलिंडर गळतोय, चिकट आणि काळपट असेल तर बेअरिंगचे ग्रीस, म्हणजे हबचे सील गेले. भिजलेला लायनर धुऊन पुन्हा वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

डाव्या ड्रमचा आतला व्यास चार दिशांनी घेतला: १८१.३ ते १८१.४५ मिमी. या ड्रमचा मूळ व्यास १८०, कमाल मर्यादा १८२. उजवा १८०.३. डाव्याच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर डाग होते, तापून कडक झालेल्या जागा. बॅकिंग प्लेटवर शूच्या कडा जिथे सरकतात त्या सहा उंचवट्यांपैकी दोन ठिकाणी खाच पडली होती. अशा खाचेत शूची कड रुतते आणि स्प्रिंग त्याला परत खेचू शकत नाही.

आता तो भाग, ज्यासाठी हे प्रकरण लिहिण्याजोगे आहे. डाव्याचे कारण समजले, मग पॅडल खाली का जात होते? डाव्या शूंना तर ड्रमपासून फटच नव्हती. फट होती उजवीकडे. उजव्याचा लायनर भरपूर होता, पण तो काम करतच नव्हता.

या ब्रेकमध्ये फट आपोआप सांभाळणारा अॅडजस्टर आहे. पॅडल दाबल्यावर शू ठरावीक अंतरापेक्षा जास्त बाहेर जावे लागले की स्ट्रटवरचा दातेरी भाग एक दात पुढे सरकतो. पण हा हिशेब एका अटीवर चालतो: हँडब्रेक सोडलेला असताना आतला लिव्हर शूवरच्या आपल्या टेकणीला पूर्ण टेकलेला हवा. केबल थोडी जरी ताणलेली राहिली, तरी लिव्हर टेकणीपासून उचललेला राहतो, स्ट्रट सतत दाबाखाली असतो, आणि अॅडजस्टरला सरकायला मोकळीक मिळत नाही. मग लायनर झिजत जातो, फट वाढत जाते, पॅडल खाली जात राहते आणि आतला अॅडजस्टर तिथेच उभा असतो.

केबल का ताणलेली होती? गेल्या दोन्ही वेळी शू बदलल्यावर हँडब्रेकचा लिव्हर वर येत होता, नऊ-दहा टिकपर्यंत (टिक म्हणजे ओढताना येणारा एकेक ‘टक’ आवाज). तो ‘टाइट करून’ देण्यासाठी मध्यभागचा नट आवळला गेला. हँडब्रेक लगेच पकडू लागला, सगळ्यांचे समाधान झाले. प्रत्यक्षात लिव्हर वर येण्याचे कारण केबल ढिली असणे नव्हते, तर शू आणि ड्रममधली फट मोठी असणे होते. केबल आवळल्याने उजवा अॅडजस्टर बंद पडला आणि डाव्या अर्धवट अडकलेल्या केबलला आणखी ताण मिळाला. उजवीकडे फट वाढत गेली, डावीकडे लायनर जळत गेला. एका नटाने दोन चाके दोन उलट दिशांनी बिघडवली. शू बदलणाऱ्याने ‘का संपले’ विचारले असते तर पहिल्याच वेळी हे थांबले असते, आणि आम्हाला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

डावी केबल अडकली कशी, हे ती काढल्यावर दिसले. मागच्या अॅक्सलजवळ क्लॅम्पच्या तोंडाशी बाहेरचे प्लास्टिकचे आवरण बोटभर फाटले होते. तिथून पाणी आणि माती आत गेली, आतल्या तारेचे धागे गंजून फुगले. ओढण्याच्या जोरापुढे ती सरकत होती, पण परत आणायला फक्त छोट्या स्प्रिंगचा जोर असतो, तो पुरेना. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर हँडब्रेक ओढून गाडी उभी. तार ज्या लांबीवर गंजली त्याच लांबीवर चिकटली. अशा केबलमध्ये वरून तेल ओतून तात्पुरती सरकवता येते, पण आठवड्यात पुन्हा अडकते. फाटलेल्या आवरणाची केबल बदलणे हाच उपाय.

ड्रमबाबत निर्णय सोपा नव्हता. डावा लेथवर टर्न केला असता तर ओव्हलपणा आणि कड काढता काढता व्यास १८१.६ च्या पुढे गेला असता. मर्यादेत बसतो, पण पुढची झीज सोसायला जागा उरत नाही. शिवाय निळे कडक डाग टर्निंगनंतरही पूर्ण जात नाहीत आणि तिथे ब्रेक लावताना ठोके बसतात. दोन्ही बाजूंच्या व्यासात एवढा फरक ठेवणेही बरे नाही. म्हणून डावा नवा, त्याबरोबर नवे बेअरिंग आणि सील, कारण तापलेल्या ड्रममध्ये ग्रीस जळून काळे पडले होते. उजव्याची फक्त कड उतरवली.

सामान पुढीलप्रमाणे लागले: चार शूंचा पूर्ण संच, डावा ड्रम बेअरिंग-सीलसह, दोन्ही हँडब्रेक केबल, रिटर्न आणि होल्ड-डाउन स्प्रिंगांचा संच, डावा व्हील सिलिंडर, स्पिंडल नट आणि ब्रेक ऑइल. उजवी केबल सरकत होती तरी बदलली: वय तेच, आवरण तसेच तडकलेले. व्हील सिलिंडरचे बूट, म्हणजे रबरी टोप्या, उचलून पाहिले तेव्हा आत ओलसरपणा होता. बूट ओले म्हणजे आतले वॉशर जायला लागले. एवढ्या तापात राहिलेल्या रबरावर विसंबून नवे शू बसवणे चुकीचे ठरले असते. ताप खाल्लेल्या स्प्रिंगाही ढिल्या पडतात. हाताने ताणून ते कळत नाही, त्यामुळे शूबरोबर त्या बदलाव्यातच.

शूबद्दल एक सूचना. जुन्या पत्र्यावर नवा लायनर चढवून घेण्याची पद्धत इंदुरात अजून आहे आणि नीट केली तर वाईट नाही. पण चढवलेल्या लायनरची गोलाई ड्रमशी जुळते का, हे बघायला हवे. ड्रमच्या आत खडू फिरवा, शू हाताने दाबून थोडा घासा. खडू मधोमध लागला पाहिजे. दोन्ही टोकांना लागला आणि मध्ये कोरा राहिला, तर तो शू ब्रेक लावताना अचानक धरेल आणि आवाज करेल. टोके घासून घ्यावीत. या गाडीत आधी बसवलेला एक शू टोकांना लागल्याच्या खुणा दाखवत होता.

जोडणी करताना एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे दुसरी नमुन्यासाठी शाबूत राहते. हँडब्रेकचा लिव्हर जुन्या शूवरून नव्यावर नेताना त्याची क्लिप नवी घालावी. अॅडजस्टर डावा-उजवा वेगळा असतो, अदलाबदल झाली तर तो उलट चालतो किंवा चालतच नाही. बॅकिंग प्लेटवरच्या खाचा कानसीने सपाट केल्या आणि सहाही उंचवट्यांवर उच्च तापमानाचे ब्रेक ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढे लावले. जास्त लावले तर ते वितळून लायनरवरच येते. साधे चासी ग्रीस इथे चालत नाही.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा. केबल पूर्ण सैल ठेवूनच ड्रम बसवले आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळून लॉक केला. सिलिंडर बदलल्याने ब्लीडिंग केले, म्हणजे तेलातली हवा काढली, जुने ऑइल सगळे काढून. ते चहासारखे तपकिरी झाले होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, आणि ओल शोषलेले ऑइल लवकर उकळते. डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा कोरड्या अवस्थेतला किमान उत्कलनांक २०५ अंश, ओला १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. डावा ड्रम अडकून तापलेला, ऑइल जुने आणि भेरूघाटाची उतरण, हे तीन एकत्र आले असते तर पॅडल स्पंजासारखे आत गेले असते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे.

ब्लीडिंगनंतर इंजिन चालू करून पॅडल पंचवीसेक वेळा पूर्ण दाबले. मागून अॅडजस्टरची टिकटिक ऐकू येते. ती थांबली की फट जमली. बूच काढून दोन्ही लिव्हर टेकणीला टेकलेले आहेत हे पाहिले आणि मगच केबलच्या नटाला हात लावला. सहा टिकवर दोन्ही चाके घट्ट, पहिल्या टिकवर दोन्ही मोकळी, इक्वलायझर सरळ. नवे लायनर बसण्यासाठी ताशी ४० किमीवरून वीस-पंचवीस वेळा हलके थांबवले, मध्ये ड्रम निवायला वेळ देत. पहिले दोनशे किलोमीटर घाट टाळायला सांगितला.

पाचशे किलोमीटरनंतर त्याच आठ किलोमीटरच्या फेरीत तापमान घेतले: डावा ५७, उजवा ५५. पॅडल पूर्वीपेक्षा दोन बोटे वर. तीन हजार किलोमीटरनंतर ड्रम उघडून पाहिले तेव्हा चारही लायनर ४.१ च्या आसपास होते आणि दोन्ही अॅडजस्टर आपापले सरकलेले. उजवा ड्रम जुनाच असल्याने हलका ब्रेक लावताना कधीमधी बारीक कंप जाणवतो. तो पुढच्या शूंबरोबर बदलायचा आहे.

काकांच्या गल्लीचा उतार तसाच आहे. त्यांच्या डिकीत आता बाभळीच्या लाकडाचे दोन पाचरी ठोकळे असतात. जास्त दिवस गाडी ठेवायची झाली की उतार नसलेल्या आवारात, पहिल्या गिअरमध्ये, ठोकळे लावून आणि हँडब्रेक खाली करून ती उभी राहते.